स्वस्त आणि हलका लॅपटॉप : शाळेने तो घ्यावा काय?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेसाठी मला जो विषय नेमून दिला आहे, तो वरवर पाहता खरेदीचा आहे. परंतु खोलात शिरल्यास तो अध्यापनाचा आहे. गावाने लोकवर्गणी काढून पंधरा-वीस हजार रुपये उभे केले आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कोणी म्हणाले, "गुरुजी, ह्या पैशातून मुलांसाठी लॅपटॉप घ्या," तर मुख्याध्यापकाने काय उत्तर द्यावे, हा तो विषय होय. शहरातील एखाद्या कचेरीला ही रक्कम किरकोळ वाटेल. वीस-पंचवीस पटाच्या द्विशिक्षकी शाळेला मात्र तेवढी रक्कम पुन्हा केव्हा हाती येईल ह्याचा भरवसा नसतो. शिवाय गावकऱ्यांनी विश्वासाने दिलेल्या पैशातून घेतलेले यंत्र दुसऱ्याच वर्षी कपाटात बंद पडून राहिले, तर पैशाबरोबर विश्वासही जातो. यास्तव ह्या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. ज्याला आपण स्वस्त व हलका लॅपटॉप म्हणतो, तो साधारणपणे दीड किलोच्या आतबाहेर वजनाचा आणि अकरा ते चौदा इंची पडद्याचा असतो. किंमत आणि वजन कमी राखण्यासाठी कारखानदाराने काही गोष्टींत काटकसर केलेली असते. ही काटकसर कोठे केली आहे, हे समजले की निम्मा निर्णय झाला असे समजावे. अशा यंत्राचा प्रोसेसर मंद गतीचा असतो. तो फारसा तापत नाही, म्हणून पुष्कळदा त्यात पंखाच नसतो. काम चालू असताना लागणारी स्मृती, म्हणजे रॅम, बहुधा चार जीबी असते आणि कायमची साठवण ६४ किंवा १२८ जीबी. पुष्कळ यंत्रांत ही दोन्ही मुख्य फलकावर डाख देऊन पक्की बसविलेली असतात. म्हणजे पुढे गरज वाढली तरी ती वाढविता येत नाहीत. उदाहरणच द्यावयाचे तर २०२३ साली भारतात विक्रीस आलेला जिओबुक ९९० ग्रॅम वजनाचा होता, पडदा ११.६ इंच, रॅम चार जीबी, साठवण ६४ जीबी आणि किंमत १६,४९९ रुपये. ह्या वर्गातील यंत्रांचे स्वरूप ह्यावरून ध्यानात येईल.

आता लाभांची बाजू पाहू. पहिला लाभ विजेचा. टेबलावरचा मोठा संगणक वीज जाताच बंद पडतो आणि अर्धवट लिहिलेले प्रश्नपत्रक त्याबरोबर जाते. हलका लॅपटॉप थोड्या विजेवर चालतो आणि त्याची बॅटरी चांगली असेल तर शाळेचे बहुतेक सत्र पार पडते. ज्या गावात भारनियमनाची वेळ आणि शाळेची वेळ एकच असते, तेथे हा गुण मोठा आहे. दुसरा लाभ नेण्याआणण्याचा. ज्या शाळेच्या खिडकीला धड गज नाहीत, तेथे महागडी वस्तू रात्री ठेवणे धोक्याचे असते. हलके यंत्र गुरुजींच्या पिशवीतून संध्याकाळी घरी जाऊ शकते. केंद्राच्या बैठकीस, शेजारच्या वस्तीशाळेत किंवा पालकांच्या भेटीस जाताना ते बरोबर नेता येते. तिसरा लाभ असा की पंखा नसलेल्या यंत्रात धूळ ओढली जात नाही. आपल्या शाळांच्या पटांगणांची धूळ ज्यांनी उन्हाळ्यात पाहिली आहे, त्यांना ह्याचे महत्त्व सांगावयास नको.

चौथा लाभ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो कळफलकाचा आहे. "मोबाईल प्रत्येकाच्या खिशात असताना लॅपटॉप कशाला?" असे कोणी विचारील, आणि हा प्रश्न रास्त आहे. माहिती भरणे, छायाचित्र काढणे, पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत वाचून २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा मंचावरील साहित्य दाखविणे, ही कामे मोबाईलवर होतात, आणि ज्या शाळेला एवढेच करावयाचे आहे तिने लॅपटॉप घेऊ नये. परंतु दोन पानांचा मजकूर लिहिणे, आकृतीसह स्वाध्यायपत्रिका तयार करणे, निकालाचा तक्ता मांडणे, मुलांच्या निबंधांचे हस्तलिखित एकत्र करणे ही कामे बोटभर पडद्यावर रडतखडत होतात. ज्याला लिहावयाचे आहे, रचावयाचे आहे, दुरुस्त करावयाचे आहे, त्याला कळफलक आणि पुरेसा पडदा लागतो. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये आल्यापासून एका यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नाही ही जुनी अडचणही पुष्कळशी दूर झाली आहे.

ह्यानंतर दुसऱ्या बाजूकडे वळू. पहिली मर्यादा आयुष्याची. चार जीबी रॅमचे यंत्र आज कसेबसे पुरते. परंतु कार्यप्रणाली दरवर्षी थोडी जड होत जाते आणि यंत्राची स्मृती मात्र तेवढीच राहते. शिवाय प्रत्येक कार्यप्रणालीला मुदत असते. विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि यंत्र धडधाकट असूनही पुष्कळांना नव्या यंत्राचा विचार करावा लागला. क्रोमबुक नावाच्या यंत्रांच्या बाबतीत २०२३ साली कंपनीने दहा वर्षे सुधारणा पुरविण्याचे जाहीर केले. पण ती दहा वर्षे आपण यंत्र घेतल्या दिवसापासून नव्हे, तर त्या जातीचे यंत्र प्रथम बाजारात आल्यापासून मोजली जातात. दुकानात पडून राहिलेले जुन्या जातीचे यंत्र स्वस्त मिळते, त्याचे कारण कधीकधी हेच असते.

येथे साधे गणित मांडून पाहावे. समजा, एक यंत्र १६,५०० रुपयांचे आहे आणि ते तीन वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला ५,५०० रुपये पडले. दुसरे ३०,००० रुपयांचे आहे आणि ते सहा वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला ५,००० रुपये. ज्याला आपण महाग म्हटले ते स्वस्त ठरले. ह्यात छापण्याचे यंत्र, जोडणीची तार, इंटरनेटचा मासिक खर्च आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी बदलावी लागणारी बॅटरी धरलेली नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असे होऊ नये, एवढ्यासाठी सर्व खर्च आधीच कागदावर मांडावा.

दुसरी मर्यादा दुरुस्तीची. पक्क्या बसविलेल्या भागांपैकी एक बिघडला तरी बहुधा संपूर्ण फलक बदलावा लागतो आणि त्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळपास जातो. तिसरी मर्यादा पडद्याची. अकरा इंची पडद्याभोवती पाच-सहा मुले नीट बसू शकतात. तीस मुलांच्या वर्गात मागच्या रांगेला केवळ पुढच्यांच्या माना दिसतात. स्वस्त पडदे दिवसाच्या उजेडात फिकेही पडतात. शाळेत दूरचित्रवाणी संच किंवा प्रक्षेपक असेल तर ही अडचण सुटते. परंतु त्यासाठी यंत्राला योग्य जोडखाच असावी लागते, आणि किंमत घटविताना नेमकी हीच कधीकधी वगळलेली असते.

ह्या लाभहानीचा ताळेबंद एकट्या शाळेपुरता न पाहता देशोदेशीच्या अनुभवावरूनही पाहता येतो. गरीब मुलांसाठी स्वस्त, हलका आणि बळकट संगणक करावा ही कल्पना २००५ साली अमेरिकेतील निकोलस नेग्रोपाँटे ह्यांनी जगापुढे मांडली. योजनेचे नाव 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' आणि ठरविलेली किंमत १०० डॉलर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूनिस येथील परिषदेत जो नमुना दाखविण्यात आला, त्याला वीज निर्माण करण्यासाठी हाताने फिरवावयाचा दांडा होता. २००७ साली कारखान्यातून यंत्रे बाहेर पडली तेव्हा यंत्राच्या अंगावर तो दांडा राहिला नव्हता आणि किंमत १०० डॉलरऐवजी सुमारे १८८ डॉलर झाली होती. तथापि यंत्र वाईट होते असे मुळीच नाही. ते सुमारे दीड किलो वजनाचे, पंखा आणि फिरती तबकडी नसलेले, रबरी कळफलकाचे होते. त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई, ही तर त्या काळी नवलाची गोष्ट होती. देवनागरी अक्षरांचा कळफलकही त्यासाठी तयार झाला होता.

केंद्र शासनाने २००६ साली ह्या योजनेत सामील न होण्याचे ठरविले. तरी २००७ साली आपल्या महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील खैराट येथील धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी मराठी शाळेत हा प्रयोग झाला. सुमारे वीस मुलांच्या हाती ही हिरवीपांढरी यंत्रे आली. पुढे २०११ साली 'आकाश' नावाची पाटीसारखी टॅबलेट यंत्रे विद्यार्थ्यांसाठी अल्प किमतीत आणण्याचा प्रयत्न शासनाने केला. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे आणि बॅटरी दोन-तीन तासांत संपे. किंमत खाली आणण्याच्या ओढीत उपयोगच खाली येतो, ह्याचे ते बोलके उदाहरण ठरले.

सर्वांत मोठा धडा मात्र दक्षिण अमेरिकेतील पेरू ह्या देशाचा आहे. तेथील शासनाने २००८ पासून लाखो मुलांना ही यंत्रे वाटली. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्रे मिळालेल्या शाळांत आणि न मिळालेल्या शाळांत सुमारे पंधरा महिन्यांनंतर तुलना केली असता भाषा व गणित ह्या विषयांच्या प्रगतीत लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्रांत दोनशेच्या आसपास पुस्तके भरलेली होती, तरी मुलांचे वाचनही वाढले नाही. सर्वसाधारण बुद्धिमापनाच्या चाचण्यांत मात्र थोडा लाभ दिसला. उरुग्वे ह्या लहान देशाने २००७ ते २००९ ह्या काळात सरकारी प्राथमिक शाळांतील सर्व मुलांना यंत्रे दिली. त्याबरोबर इंटरनेटची जोडणी आणि दुरुस्तीची व्यवस्थाही उभारली. त्यामुळे तेथे योजना टिकली. परंतु पुढे झालेल्या अभ्यासात वाचन व गणितातील गुणांवर तिचा परिणाम तेथेही आढळला नाही.

ह्यावरून 'संगणक निरुपयोगी आहे' असा निष्कर्ष काढणे चूक होईल. निष्कर्ष एवढाच की यंत्र वर्गात आल्याने पाठ आपोआप सुधारत नाही. मुलाला यंत्र मिळाले. पण कोणता पाठ त्या यंत्राने शिकवावयाचा, किती वेळ, कोणत्या हेतूने, हे शिक्षकाच्या हाती स्पष्टपणे आलेले नव्हते. फळा टांगला म्हणून अध्यापन होत नाही, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र किंमत मोठी असल्याने आपण ती विसरतो.

आपल्याकडे ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. महागडी परदेशी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, खडे, शिंपले, पाने अशा परिसरातल्याच वस्तूंतून शैक्षणिक साधने घडविली. ती स्वस्त होती हे खरे. परंतु त्यांचे खरे मोल असे की प्रत्येक साधनामागे एक निश्चित पाठ होता, आणि साधन हरवले तर शिक्षिका ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करू शकत असे. लॅपटॉप आपल्याला पुन्हा करता येणार नाही. म्हणून त्यामागचा पाठ तरी आधी निश्चित असला पाहिजे.

ह्यासाठी मी एक कसोटी सुचवितो. खरेदीचा ठराव होण्यापूर्वी शाळेतील शिक्षकांनी बसून तीन पाठटाचणे लिहावीत. अट एकच : हा पाठ फळा, पुस्तक, परिसर आणि मोबाईल ह्यांच्या साहाय्याने इतका चांगला होणार नाही, असे प्रामाणिकपणे म्हणता आले पाहिजे. पाढे म्हणून दाखविणारी ध्वनिचित्रफीत ह्या कसोटीस उतरत नाही. पाढे गुरुजींच्या तोंडून अधिक चांगले येतात. परंतु पाचवीच्या मुलांनी पावसाळाभर बाटलीच्या पर्जन्यमापकाने रोज पाऊस मोजला, आकडे तक्त्यात भरले आणि त्यांचा स्तंभालेख काढून मागील वर्षाशी ताडून पाहिला, तर तो पाठ ह्या यंत्राने खरोखर वाढतो. गावातील वृद्धांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ऐकून, लिहून, दुरुस्त करून मुलांनी त्यांची पुस्तिका केली, तर तेथेही यंत्र सार्थकी लागते. आपले लेखन खोडाखोड न करता पुन्हा पुन्हा सुधारता येते, हा अनुभव ज्या मुलाला मिळाला, त्याची लिहिण्याची भीती कमी होते. अशी तीन टाचणे लिहून झाली तर खरेदीचा विचार करावा. न झाल्यास ते पैसे वाचनालयातील पुस्तकांसाठी ठेवावेत. त्यात कमीपणा नाही.

यंत्र घ्यावयाचे ठरल्यास ते प्रथम कोणाच्या हाती असावे? माझे मत असे की पहिले यंत्र शिक्षकाच्या हाती असावे आणि दुसरे, मिळाल्यास, चार-पाच मुलांच्या गटासाठी. प्रत्येक मुलाला एक यंत्र ही कल्पना आकर्षक असली तरी आपल्या परिस्थितीत तिचा हट्ट धरू नये. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. पंचवीस किलोच्या मुलाला त्यामुळे अडीच किलोची मर्यादा येते. त्यात दीड किलोचे यंत्र घातले, तर वही, पुस्तक आणि डबा ह्यांना एकच किलो उरतो. ज्याला आपण हलका म्हणतो, तो लहान मुलाच्या खांद्यावर हलका राहत नाही. शिवाय बहुवर्ग अध्यापनात एक गट यंत्रावर लेखन करीत असताना शिक्षक दुसऱ्या गटाकडे लक्ष देऊ शकतो. म्हणजे एकाच यंत्राचा आळीपाळीने केलेला उपयोगही पुष्कळ असतो.

दुकानात गेल्यावर पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात. यंत्र बाहेर उजेडात नेऊन पडदा वाचता येतो का, ते पाहावे. त्यावर मराठीत दहा ओळी लिहून कळफलक बोटांना कसा लागतो, हे अनुभवावे. चार जीबीपेक्षा आठ जीबी रॅम मिळत असेल तर थोडे अधिक पैसे त्यासाठीच खर्च करावेत, पातळपणासाठी नव्हे. साठवण १२८ जीबीहून कमी नसावी. दूरचित्रवाणी संच आणि छापण्याचे यंत्र जोडण्याच्या सोयी आहेत का, ते तपासावे. कार्यप्रणालीला कोणत्या सालापर्यंत सुधारणा मिळणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. बॅटरी बदलता येते का आणि दुरुस्तीचे ठिकाण तालुक्याच्या गावी आहे की जिल्ह्याच्या, हेही विचारावे. दुरुस्तीसाठी दोनदा एस. टी. ने दिवस मोडावा लागला, तर त्या दोन दिवसांचे वर्ग कोण घेणार, हा खर्च पावतीवर येत नाही.

यंत्र शाळेत आल्यावर त्याची जडसंग्रह नोंदवहीत रीतसर नोंद करावी. घरी नेताना कोणी नेले, केव्हा परत आणले, ह्याची साधी वही ठेवावी. तीमुळे पुढचे गैरसमज टळतात. दर वर्षी थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढावी. महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. वेळापत्रकात आठवड्याचा निदान एक तास मुलांच्या गटासाठी राखून ठेवावा. नाही तर माहिती भरण्याच्या कामात यंत्र पूर्ण गुंतून जाते आणि ज्यांच्या नावाने वर्गणी काढली ती मुले ते काचेआडूनच पाहतात. ही शेवटची गोष्ट मी आग्रहाने सांगतो. शाळेची कागदपत्रे सुबक व्हावीत हे ठीकच. परंतु गावकऱ्याने आपल्या मजुरीतले शंभर रुपये दिले, ते तक्ता सुबक व्हावा म्हणून नव्हे, तर आपल्या मुलीला चार ओळी अधिक चांगल्या लिहिता याव्यात म्हणून.

सारांश, स्वस्त व हलका लॅपटॉप हा उपयुक्त नोकर आहे; त्याला घरचा कारभारी करू नये. त्याची किंमत पावतीवरून ठरवू नये. किती वर्षे चालला, किती मुलांच्या हाती गेला आणि त्यामुळे कोणते पाठ सुधारले, ह्यावरून ठरवावी. पुढच्या परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपली तीन पाठटाचणे लिहून आणावीत. ती आपण एकमेकांत वाचू. काही शाळा खरेदी करतील, काही थांबतील. पण विचार करून थांबणारी शाळाही पुढेच गेली असे मी मानीन.